सक्तीचा परतावा: विक्रेत्यांनो, या चुका टाळा

ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षे तशीच ऐकू येते. ग्राहकाने दावा केला, कंपनीने विक्रेत्याचे म्हणणे मनावर न घेता पैसे परत केले, आणि शेवटी वस्तूही गेली व पैसाही गेला. ही तक्रार खोटी नाही. ईबेची ‘मनी बॅक गॅरंटी’ किंवा अ‍ॅमेझॉनची ‘ए-टू-झेड गॅरंटी’ या योजना मुळात अनोळखी विक्रेत्याकडून वस्तू घेताना ग्राहकाला धास्ती वाटू नये म्हणून उभ्या केलेल्या आहेत. त्यांचा कल ग्राहकाकडे असणार हे उघड आहे, आणि या झुकत्या मापाचा गैरफायदा घेणारे लोकही आहेत, ज्यांची मला मनापासून चीड येते. परंतु सक्तीचा परतावा सोसावा लागलेल्या विक्रेत्यांची प्रकरणे बारकाईने वाचली, की बहुतेक ठिकाणी दावा दाखल होण्याच्या कितीतरी आधी, लिस्टिंग (म्हणजे विक्रीस ठेवलेल्या वस्तूचे पान) लिहिताना किंवा पार्सल बांधताना, विक्रेत्याने आपली बाजू मांडण्याचे साधन गमावलेले दिसते. निर्णय देणाऱ्याने ती वस्तू कधी हातात घेतलेली नसते. त्याच्यापुढे लिस्टिंग, फोटो, ट्रॅकिंगची नोंद आणि ऑर्डरखालचे संदेश एवढाच ऐवज असतो, आणि त्यात जे सापडत नाही ते घडलेच नाही असे धरून तो निकाल देतो.

‘माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीवर विसंबणे

लिस्टिंगच्या शेवटी ठळक अक्षरांत ही ओळ टाकली की आपण सुरक्षित झालो, असे मानणारे विक्रेते अजूनही सर्रास भेटतात. ही ओळ फार तर ग्राहकाचे मन बदलले तेव्हा उपयोगी पडते. ग्राहकाने वस्तू ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असे कारण निवडले, की तिला काहीही किंमत उरत नाही. परतीची सोय न देणाऱ्या विक्रेत्यालाही ईबेवर अशा दाव्यात वस्तू परत घ्यावी लागते आणि परतीचा वाहतूक खर्चही त्याच्याच माथी येतो. युरोपीय संघातील ग्राहकाला व्यावसायिक विक्रेत्याने ऑनलाइन माल विकला असेल, तर तेथे मन बदलण्याच्या बाबतीतही ही ओळ टिकत नाही, कारण २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार, ठरावीक अपवाद सोडता, माल हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. त्याच निर्देशात विक्रेत्याच्या बाजूच्या तरतुदीही आहेत. माल परत येईपर्यंत किंवा तो पाठवल्याचा पुरावा मिळेपर्यंत पैसे रोखून धरता येतात, आणि वस्तू पारखण्यासाठी आवश्यक होते त्यापेक्षा जास्त वापरून ग्राहकाने तिची किंमत घटवली असेल, तर ती घट त्याच्याकडून मागता येते. नियमांना शिव्या देणारे पुष्कळ असतात, पण नियमाचा हा दुसरा भाग वाचलेले फार थोडे.

खरे संरक्षण वर्णनात असते. ‘उत्तम स्थिती’, ‘नव्यासारखे’, ‘वापराच्या किरकोळ खुणा’ असे शब्द वापरणे म्हणजे ग्राहकाला वाटेल तो अर्थ काढण्याची मोकळीक देणे होय. मी प्रत्येक दोष स्वतंत्र वाक्यात, त्याच्या जागेसह लिहिते आणि त्या वाक्यासाठी एक फोटो ठेवते. जे तपासले नाही तेही लिहिते, उदाहरणार्थ बॅटरी किती वेळ टिकते हे पाहिलेले नसेल तर तसे स्पष्ट सांगते. असे लिहिल्याने विक्री कमी होते, असे नवे विक्रेते मला ऐकवतात. काही ग्राहक मागे फिरतात हे खरे आहे, पण ते नेमके तेच ग्राहक असतात ज्यांनी माल हाती पडल्यावर दावा केला असता. दुसऱ्याच्या लिस्टिंगमधून वर्णन उचलून आणि उत्पादकाचे फोटो चिकटवून झटपट वस्तू विकू पाहणाऱ्याने पुढे ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या दाव्याबद्दल आश्चर्य व्यक्त करू नये. ते वर्णन त्याच्या वस्तूचे नव्हतेच.

वस्तूची ओळख न नोंदवता ती पाठवणे

या चुकीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तिच्यामुळे झालेले एक नुकसान मी जवळून पाहिले आहे. माझ्या परिचयाचा एक विक्रेता वापरलेली कॅमेरा-उपकरणे विकतो. त्याने एक महागडी लेन्स विकली. लेन्स निर्दोष होती आणि त्याने ती स्वतः वापरून पाहिलेली होती. पार्सल पोहोचल्यावर काही दिवसांनी ग्राहकाने दावा केला की आतल्या काचेवर बुरशी आहे आणि फोकस नीट बसत नाही. बाजारपेठेने परतीचे लेबल दिले आणि पार्सल परत निघाले. ते घरी पोहोचल्याची नोंद ट्रॅकिंगवर झाली तेव्हा हा गृहस्थ दुसऱ्या कामात होता, म्हणून त्याने खोके तसेच बाजूला ठेवले. त्याने ते उघडेपर्यंत परताव्याची मुदत संपून पैसे आपोआप ग्राहकाच्या खात्यात गेले होते. खोक्यात त्याच मॉडेलची, पण दुसरीच लेन्स निघाली. तिच्या काचेवर खरोखरच बुरशी होती, आणि ज्या ठिकाणी त्याच्या लेन्सची कड अखंड होती तेथे हिच्या कडेला टवका उडालेला होता.

त्याने कंपनीला कळवले. ही आपली लेन्स नाही हे सिद्ध करा, असे उत्तर आले. लेन्सच्या अंगावर कोरलेला अनुक्रमांक हाच येथे निर्णायक पुरावा ठरला असता, पण लिस्टिंगमधील एकाही फोटोत तो आलेला नव्हता आणि त्याने तो कोठे लिहूनही ठेवलेला नव्हता. कडेचा टवका वाहतुकीत पडला असेल, बुरशी आधीपासून असेल, असे म्हणायला जागा राहिली आणि अपील फेटाळले गेले. ग्राहकाने केलेली ती सरळ चोरी होती, आणि चोराला चांगली लेन्स व पैसे दोन्ही मिळाले. हे घडू देणाऱ्या कंपनीचा दोष मी कमी लेखत नाही. पण पाठवण्यापूर्वी काढलेल्या अनुक्रमांकाच्या एका फोटोने त्या माणसाच्या हाती लढायला काहीतरी दिले असते.

तेव्हापासून मी भेटेल त्या विक्रेत्याला एकच क्रम सांगते. पाठवण्यापूर्वी अनुक्रमांकाचा सुस्पष्ट फोटो काढावा, आणि अनुक्रमांक नसलेल्या वस्तूवरील एखादी विशिष्ट खूण टिपून ठेवावी. पूर्ण अनुक्रमांक उघड्या लिस्टिंगमध्ये दाखवू नये, कारण तो उचलून दुसरा कोणी गैरवापर करू शकतो. अनुक्रमांकाची नोंद ठेवली आहे एवढे वर्णनात सांगणे पुरेसे असते आणि तेवढ्यानेही काही लबाड दूर राहतात. खोके बंद करण्यापूर्वी वस्तू आत ठेवलेली दिसेल असा फोटो घ्यावा. वाहतूकदाराने नोंदवलेले वजन पावतीवर आहे ना ते पाहावे, कारण रिकामे खोके आले असे कोणी म्हटले तर ते वजनच साक्ष देते.

परत आलेले पार्सल त्याच दिवशी उघडावे, आणि ते एकट्याने घाईत न उघडता अखंड चित्रीकरणात उघडावे: आधी लेबल, मग काट्यावरचे वजन, मग न फाडलेली चिकटपट्टी, आणि त्यानंतर आतील वस्तू. अनेक ठिकाणी दाव्याला फक्त छायाचित्रे जोडता येतात, चित्रफीत जोडता येत नाही, म्हणून चित्रीकरणातून महत्त्वाच्या क्षणांचे फोटो वेगळे काढून ठेवावेत. एवढे सगळे कोण करत बसणार, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे की स्वस्त वस्तूंसाठी करू नका, पण ज्या वस्तूचे पैसे गेल्यास महिन्याचा हिशेब कोलमडेल, तिच्यासाठी एवढा वेळ देता येत नसेल तर ती वस्तू ऑनलाइन विकू नये.

दाव्याऐवजी संदेशांत भांडणे

ग्राहकाचा खोटा आरोप वाचून राग येतो, आणि रागावलेला विक्रेता ग्राहकाला लांबलचक संदेश पाठवत राहतो, पण दाव्याच्या पानावर उत्तरच देत नाही. घड्याळ मात्र दाव्याचे चालू असते. ईबेवर परतीच्या किंवा माल न मिळाल्याच्या विनंतीला उत्तर द्यायला ३ कामकाजाचे दिवस असतात, त्यानंतर ग्राहक कंपनीला मध्ये बोलावू शकतो. आणि परतीचा माल हाती आल्यावर २ कामकाजाच्या दिवसांत परतावा देणे अपेक्षित असते. अ‍ॅमेझॉनवर ग्राहकाने आधी विक्रेत्याशी संपर्क साधून ४८ तास थांबायचे असते, आणि हेच ४८ तास विक्रेत्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. कारण तेथे ए-टू-झेड दावे, चार्जबॅक (ग्राहकाने आपल्या कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत ओढून घेणे) आणि वाईट अभिप्राय मिळून ऑर्डर-दोषांचे प्रमाण मोजले जाते आणि ते १ टक्क्याच्या खाली ठेवावे लागते. एक परतावा वाचवण्याच्या हट्टापायी संपूर्ण खाते धोक्यात घालणारे लोक मी पाहिले आहेत.

दाव्यातील उत्तर सहा-सात वाक्यांचे, तारखांच्या क्रमाने आणि विशेषणांविना असावे. ग्राहक कसा माणूस आहे, आपण किती वर्षे व्यवसायात आहोत, यातले काहीही निर्णय देणाऱ्याच्या उपयोगाचे नसते. ग्राहकाला वाईट अभिप्रायाची धमकी देणेही व्यर्थ आहे. ईबेवर तर २००८ पासून विक्रेत्याला ग्राहकाविषयी नकारात्मक अभिप्राय देताच येत नाही. उलट, पैसे परत न दिल्यास वाईट अभिप्राय देईन असे ग्राहकाने लिहिले असेल, तर तो संदेश जपून ठेवावा आणि नियमभंग म्हणून कंपनीला कळवावा.

काही चुकांना एकेक वाक्य पुरते. ग्राहकाने संदेशात दुसरा पत्ता दिला म्हणून माल तिकडे पाठवू नये. ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्याने पुन्हा मागवायला सांगावे, कारण ऑर्डरवरील पत्त्याखेरीज अन्यत्र पाठवलेल्या मालाला संरक्षण मिळत नाही. लेबल तयार झाल्याची नोंद म्हणजे माल पोहोचल्याचा पुरावा नव्हे. ईबेवर ७५० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या ऑर्डरसाठी स्वाक्षरीची नोंद लागते, ती वगळून चार पैसे वाचवू नयेत. अ‍ॅमेझॉनच्या सेवेतून लेबल घेऊन वेळेत माल पाठवल्यास माल न मिळाल्याच्या दाव्यांत विक्रेत्याला जे संरक्षण मिळते, ते स्वस्त वाहतूकदार शोधण्याच्या नादात सोडू नये. ग्राहकाशी बाजारपेठेबाहेर, फोनवर किंवा खासगी संदेशांतून काहीही ठरवू नये.

चार्जबॅक सुरू असताना वेगळा परतावा देणे

ही चूक थकलेल्या, सगळे एकदाचे संपवू इच्छिणाऱ्या विक्रेत्याकडून होते. चार्जबॅक हा ग्राहकाच्या कार्डाच्या बँकेमार्फत होतो आणि त्याचा निर्णय बाजारपेठेच्या हातात नसतो. व्हिसा कार्डांच्या नियमांत माल न मिळणे किंवा वर्णनाप्रमाणे नसणे यांसाठी साधारणतः १२० दिवसांची मुदत असते. पेपालवर वाद उघडण्याची मुदत १८० दिवसांची आहे. ग्राहकाने एकीकडे बँकेत तक्रार केलेली असते आणि दुसरीकडे तो विक्रेत्याला गोड शब्दांत परतावा मागत असतो. विक्रेता भलेपणाने पैसे पाठवतो, नंतर बँकही तेवढीच रक्कम ओढून घेते, आणि दुसऱ्यांदा गेलेले पैसे परत मिळवताना महिने जातात. म्हणून परतावा मागणारा संदेश आल्यावर आधी खात्यात एखादा दावा किंवा चार्जबॅक उघडा आहे का ते पाहावे, आणि असेल तर पैशाचा प्रत्येक व्यवहार त्याच दाव्यातून करावा. ‘अर्धे पैसे घ्या आणि विषय संपवा’ हा दाव्याबाहेरचा सौदा मला अजिबात मान्य नाही. अर्धे पैसे घेतल्यावरही उरलेल्या रकमेचा दावा ग्राहकाला करता येतो.

निकाल विरोधात गेल्यावर अपिलाची मुदत आधी पाहावी, अ‍ॅमेझॉनच्या ए-टू-झेड दाव्यांत ती ३० दिवसांची असते. पहिल्याच उत्तराची अधिक कडक भाषेतील प्रत अपील म्हणून पाठवू नये. पहिल्या वेळी न जोडलेला एखादा कागद, म्हणजे वजनाची पावती, वाहतूकदाराचे पत्र, दोन्ही अनुक्रमांकांचे शेजारी ठेवलेले फोटो, हाती असेल तर अपिलात तोच पहिल्या वाक्यात मांडावा आणि तो कोणत्या मुद्द्याला खोडून काढतो हे दुसऱ्या वाक्यात सांगावे. असा कागद नसेल, तर तो वेळ पुढच्या लिस्टिंगचे वर्णन नीट लिहिण्यात घालवावा.