व्हिनीअर बसवल्यावर आंबट पेये कशी प्यावीत

ठाण्यात ऊन तापू लागले की तलावपाळीवरचा लिंबू सोडा आणि घरचे कोकम सरबत ठरलेलेच असते. पुढच्या दातांवर व्हिनीअर, म्हणजे दर्शनी बाजूला चिकटवलेले दाताच्या रंगाचे पातळ आवरण, बसवलेल्यांनीही ती खुशाल प्यावीत; फक्त पिण्याची रीत बदलावी.

पोर्सिलेनचे व्हिनीअर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असले, तरी सरबतातल्या आम्लाला ते सहसा दाद देत नाही. नाजूक जागा असते ती त्याची कड, जिथे व्हिनीअर संपते, ते चिकटवणाऱ्या सिमेंटची बारीक रेघ येते आणि पुढे आपला मूळ दात सुरू होतो. तोंडातला सामू, म्हणजे पीएच (तो जितका कमी तितके आम्ल तीव्र), सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य थरातील, खनिजे विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा आणि कोलाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो. हिरडी सरकून मूळ उघडे पडले असेल, तर तिथली झीज याहून सौम्य आम्लातही होते. अशा झिजलेल्या कडेच्या खाचेत कीड शिरली की वरचे व्हिनीअर शाबूत दिसते आणि आतला दात पोखरत जातो. काँपोझिटच्या, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनच्या, व्हिनीअरचा मात्र पृष्ठभागच आम्लाने मऊ पडतो, चकाकी जाते आणि चहा-हळदीचे डाग लवकर धरतात.

म्हणून प्रमाणापेक्षा वेळेकडे अधिक लक्ष द्यावे. ठाणे-वाशी लोकलमध्ये बाटली हातात धरून स्टेशनागणिक एकेक घोट घेणे सर्वांत वाईट, कारण लाळ आम्ल निवळू लागते तोच पुढचा घोट येतो. तेच सरबत जेवणासोबत एकदाच प्यावे, तोंडात घोळवू नये, स्ट्रॉ असल्यास तिचे टोक दातांच्या मागे ठेवावे आणि लगेच साध्या पाण्याने चूळ भरावी. ब्रश मात्र किमान अर्ध्या तासाने, मऊ केसांचाच वापरावा. साखरविरहित सोडाही आम्लधर्मीच असतो, हे बरेच जण विसरतात. रात्री झोपेत लाळ कमी होते, म्हणून झोपण्यापूर्वी अशी पेये टाळावीत. ताक आंबट असूनही त्यातील कॅल्शियममुळे दातांना बरेच सौम्य पडते.

दवाखान्यात फ्लोराइड लावून घेताना व्हिनीअर असल्याचे आठवणीने सांगावे, कारण आम्लयुक्त फॉस्फेट फ्लोराइड जेल पोर्सिलेनची झिलई घालवते. त्याऐवजी उदासीन (न्यूट्रल, म्हणजे आम्लधर्मी नसलेले) सोडियम फ्लोराइड मागावे. कडेला काळसर रेघ दिसली किंवा गार पाणी झोंबू लागले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता दंतवैद्यांना ती कड दाखवावी.