भिंत रंगवायला घेण्याआधी

चित्र कोणतं काढायचं यावर वाद घालायला मंडळातले सगळे हजर असतात, पण भिंत कोणाची हे विचारायला कोणी जात नाही. सुरुवात तिथूनच करा. सोसायटीच्या कंपाउंडची असेल तर कमिटीचा ठराव, महापालिकेची असेल तर वॉर्ड ऑफिसात अर्ज (मुंबईत दादर, माहीम, धारावीसाठी जी उत्तर वॉर्ड), आणि रेल्वेची असेल तर अर्ज रेल्वेकडेच. ‘साहेब हो म्हणालेत’ याला परवानगी म्हणत नाहीत. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा १९९५ चा कायदा आहे, म्हणून लेखी कागद घ्या आणि त्याची झेरॉक्स कामाच्या दिवशी खिशात असू द्या.

मुहूर्त दिवाळीनंतरचा. सेनापती बापट मार्गाची रेल्वेलगतची भिंत नागरिकांनी रंगवली ती ऑगस्ट २००९ मध्ये, हे खरं. तरी आपण पावसाळ्याच्या वाटेला जाऊ नये. ऑक्टोबरभर उन्हाने भिंत सुकू द्यावी आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम उरकावं. भिंत पश्चिमेकडे तोंड करून असेल तर सकाळीच रंगवा, दुपारी ब्रशवरचा रंग ओढेपर्यंत वाळतो.

आता खरं काम. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. जिथे पोकळ वाजेल तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे, ते फोडून नव्याने करून घ्या आणि नव्या प्लास्टरला पाणी मारून, सुकून, महिनाभर तरी जाऊ द्या. पांढरी भुकटी हाताला लागली तर आतून ओल येतेय. गळका पाइप किंवा तुंबलेलं गटार आधी दुरुस्त झालं पाहिजे, नाहीतर वर कितीही महागडा रंग लावा, पापुद्रे निघणारच. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, पुन्हा साध्या पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस कडकडीत वाळवा. या पायरीला फोटो काढण्याजोगं काही नसतं, त्यामुळे माणसं कमी येतात. बजेटचा निम्मा भाग मात्र इथेच ठेवा.

रंगाचा हिशेब सोपा आहे. ४० फूट लांब, ६ फूट उंच म्हणजे २४० चौरस फूट. बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एका लिटरमध्ये साधारण १०० चौरस फूट जातो आणि इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे) दोन हात धरले तर ५० च्या आसपास. म्हणजे अडीच लिटर प्रायमर, चित्राखालच्या बेससाठी पाच लिटर इमल्शन. खरबरीत भिंत पिते म्हणून थोडा जास्तच आणा. चित्रासाठी मोजके डबे आणि स्टेनरच्या (रंगात मिसळायच्या गडद रंगाच्या) ट्यूब पुरतात. दुकानदार ऑइल पेंट गळ्यात मारेल, घेऊ नका.

चित्र इंचाला एक फूट या मापाने कागदावर चौकटी पाडून काढा. भिंतीवर गेरूत बुडवलेल्या दोरीने सूत मारून फुटाफुटाच्या चौकटी घ्या आणि खडूने नंबर टाका. मग सातवीतल्या पोरालाही ‘क-१२ मध्ये फक्त निळा’ एवढं सांगितलं की पुरतं. खालचा दीड फूट गडद गेरूच्या रंगाचा ठेवा. चिखल उडतो, पान खाणारे असतातच. देवाच्या टाइल्स लावून थुंकणं थांबवायची युक्ती मला पटत नाही.

आदल्या रात्री भिंतीलगतच्या बाइक हलवायला सांगा, नुसती पाटी लावून कोणी हलवत नाही. ताडपत्री, मास्किंग टेप, जुने टी-शर्ट, प्यायचं पाणी, घोडा (उभी राहणारी शिडी) धरायला दोन धडधाकट माणसं. पोरं जमिनीवरूनच रंगवतील, घोड्यावर फक्त मोठे. ब्रश धुतलेलं पाणी पावसाच्या गटारात ओतायचं नाही. मीटरच्या पेट्या आणि त्यांचे नंबर झाकून घ्या, नाहीतर रीडिंग घ्यायला आलेला माणूस आपल्याला शोधत बसेल.

उरलेला प्रत्येक रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून वर शेड नंबर लिहा आणि मंडळाच्या खोलीत ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर डागडुजीला तो लागणार आहे, आणि किल्ली कोणाकडे राहील हेही आजच ठरवा.