सर्व्हरवरच्या प्रोग्रामची विंडो आपल्या स्क्रीनवर कशी आणायची

सर्व्हर लांब कुठेतरी, त्याला मॉनिटर नाही, आणि नेमका हवा तो प्रोग्राम विंडोवालाच. त्यासाठी अख्खा रिमोट डेस्कटॉप बसवायची गरज नाही, एसएसएचमधूनच (लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) तेवढी एक विंडो इकडे आणता येते. याला एक्स११ फॉरवर्डिंग म्हणतात; एक्स११ किंवा नुसतं एक्स म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणारी जुनी यंत्रणा.

आधी एक उलटं प्रकरण समजून घ्या. इथे एक्स सर्व्हर म्हणजे तुमच्या समोरचं मशीन, कारण स्क्रीन, कीबोर्ड, माउस ते देतं, आणि लांबचा प्रोग्राम हा क्लायंट. हे डोक्यात नसलं की माणूस भलत्याच मशीनवर इन्स्टॉल करत बसतो, मीही बसलोय. लिनक्स डेस्कटॉपवर हे बहुतेक आधीच असतं (एक्सऐवजी नवीन वेलँड यंत्रणा असेल तरी एक्सवेलँड सांभाळून घेतं), मॅकवर एक्सक्वार्ट्झ टाका, विंडोजवर व्हीसीएक्ससर्व्ह नाहीतर मोबाएक्सटर्म.

सर्व्हरवर दोनच कामं: एसएसएचडीच्या (सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्राम) कॉन्फिग फाइलमधे एक्स११ फॉरवर्डिंग यस करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, आणि एक्सऑथ (विंडो उघडायची परवानगी सांभाळणारा छोटा प्रोग्राम) आहे का बघा. मिनिमल इन्स्टॉलमधे हे एक्सऑथच नसतं आणि निम्मी रडारड त्यापायीच असते.

आता नेहमीच्या एसएसएच कमांडला डॅश कॅपिटल एक्स जोडून लॉगिन करा, मग सर्व्हरवर डिस्प्ले व्हेरिएबल (विंडो कुठे दाखवायची ते यात असतं) एको करून बघा. लोकलहोस्ट कोलन १०.० असं काही दिसलं की जमलं, एक्सक्लॉक चालवा, घड्याळ यायला हवं. रिकामं आलं तर वरची दोन कामं परत तपासा, पण डिस्प्ले हाताने सेट करू नका! जुन्या गाइडमधे तिथे आपला आयपी टाकायला सांगतात, तसं केलं की ट्रॅफिक एसएसएचला वळसा घालून उघड्यावरून जातं.

कॅपिटल एक्सने प्रोग्राम क्रॅश झाला, किंवा आधी चालत होतं आणि २० मिनिटांनी नवीन विंडो उघडेना, तर कॅपिटल वाय वापरा. कॅपिटल एक्समधे प्रोग्रामवर बंधनं असतात आणि ती परवानगी डिफॉल्टने २० मिनिटांचीच, वायमधे दोन्ही नाही. पण मग त्या सर्व्हरवर ज्याच्याकडे रूट (सर्वाधिकार असलेला युजर) आहे तो तुम्ही इकडे काय टाइप करताय तेही वाचू शकतो, म्हणून वाय फक्त भरवशाच्या मशीनवर. डेबियन लिनक्समधे गंमत म्हणजे कॅपिटल एक्सही डिफॉल्टने वायसारखंच वागतं.

सुडो करून रूट म्हणून प्रोग्राम चालवल्यावर डिस्प्ले उघडत नाही म्हणून ओरडलं तर घाबरू नका, एक्सऑथची कुकी (परवानगीची किल्ली) तुमच्या युजरकडे असते, रूटकडे नाही.

स्लो वाटलं तर डॅश कॅपिटल सी लावून कॉम्प्रेशन करून बघा, पण फार आशा नको, कारण एक्स११ प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला इकडून तिकडे विचारत बसतं, आणि लांबच्या लाइनवर तो वेळ कॉम्प्रेशनने कमी होत नाही. ब्राउझरसारखं जड काही चालवायचं असेल तर सरळ एक्सप्रा हा प्रोग्राम घ्या, तेही एसएसएचवरूनच जातं आणि नेट तुटलं तरी प्रोग्राम तिकडे चालू राहतो, परत जोडलं की विंडो होती तशी समोर.