थंडीच्या दिवसांत रानात रात्र काढायची वेळ आली तर

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरजवळच्या दाजीपूर, गगनबावडा, आंबा घाट, रांगणा या बाजूला फिरायला जाणारे वाढतात. दुपारचं ऊन चांगलं तापलेलं असतं, म्हणून स्वेटर गाडीतच राहतो. ‘आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय’ हा समज इथं घात करतो. शरीराच्या आतलं तापमान साधारण ३७ अंश असतं. ते ३५ च्या खाली उतरलं की माणूस धोक्यात येतो, आणि कपडे ओले असतील, वर वारा असेल तर बाहेर १० अंश असतानाही ही वेळ येऊ शकते. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, तर पन्हाळा त्याहून सुमारे चारशे मीटर उंच. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश या हिशेबानं तिथं दोन-तीन अंशांचा फरक पडतो. त्यात पहाटेचं दव आणि सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सपाट कातळावरचा, वारा धरा. त्यामुळे आपल्या रानात पहिलं काम एकच: अंग कोरडं ठेवणं.

निघण्याआधी

कुठल्या वाटेनं जाणार, किती वाजेपर्यंत परतणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, हे घरी किंवा पायथ्याच्या गावात सांगून ठेवा. राधानगरी (दाजीपूर) अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नका. मुक्कामही ते सांगतील तिथंच करा.

सुती कपडे घामानं भिजले की वाळत नाहीत, आणि स्थिर हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं. चढताना घाम आला तर वरचा कपडा लगेच काढा, थांबलात की लगेच घाला. कोरडा बनियन आणि मोजे पिशवीत वेगळे बांधून ठेवा, ते फक्त रात्रीसाठी. कानटोपी हवीच.

आणि घोंगडी घ्या. धनगर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या याच डोंगरांत मेंढरांमागं थंडी-पाऊस काढत आली, ती घोंगडीच्या जिवावर. दख्खनी मेंढरांची लोकर, वर चिंचोक्याची खळ. नवी असताना ती अंगाला टोचते, ओझंही होतं. पण लोकरीच्या धाग्यांत हवा अडकून राहते आणि भिजली तरी ती बरीच ऊब धरते. रात्री नुसती पांघरू नका. एक टोक आत दुमडून खोळ करा आणि डोक्यावरून घ्या, म्हणजे डोकं, मान आणि पाठ एका कपड्यात झाकली जातात. महागड्या जॅकेटबरोबरसुद्धा मी घोंगडीच सुचवेन.

बाकी सामान थोडं: विजेरी, शिट्टी, दोन ठिकाणी ठेवलेल्या काडेपेट्या (प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून), पातळ ताडपत्री, सुतळी, पाणी. खायला गूळ-शेंगदाणे. गूळ लगेच ताकद देतो, शेंगदाण्यातलं तेल रात्रभर पुरतं.

वाट चुकली की बसा

या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो, म्हणजे रात्र जवळजवळ तेरा तासांची. चार वाजता वाटेची खात्री नसेल तर पुढं जाऊ नका. आल्या वाटेनं फिरा. फिरायचीही वाट सापडत नसेल तर बसा, पाणी प्या आणि उजेड आहे तोवर मुक्कामाची तयारी करा. अंधारात ‘जरा पुढं बघू’ म्हणत चालणं सगळ्यात घातक. ओढ्याच्या कडेनं खाली उतरलं की गाव लागतं, हे आपल्याकडं अर्धंच खरं आहे. पूर्वेकडं वाहणारं पाणी कुंभी, कासारी, भोगावती या नद्यांकडं जातं, तिथं शेतं आहेत. पश्चिमेकडचा ओढा मात्र कड्यावरून थेट कोकणात कोसळतो. रात्री दोन्हीकडं जाऊ नका.

रेंज असेल तर ११२ लावा. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. फोन लागत नसेल तर एसएमएस करून बघा, तो थोड्या रेंजवरही जातो. मग फोन बंद करून आतल्या खिशात ठेवा. थोड्या थोड्या वेळानं तीनदा शिट्टी वाजवा. तीन हा मदतीचा इशारा आहे.

जागा आणि अंथरूण

सड्यावर वारा झोडपतो, तर निरभ्र रात्री गार हवा उतरून खोलगटात साचते. म्हणून माथाही नको आणि ओढ्याचा तळही नको. उताराच्या मध्यावर, वाऱ्याच्या आडोशाला, मोठ्या दगडाजवळ किंवा दाट झाडीच्या कडेला जागा बघा. वर वाळकी फांदी लटकत नाही ना, ते पाहा. पाणवठ्यापासून आणि जनावरांच्या मळलेल्या वाटेपासून लांब राहा. दाजीपूर १९५८ साली अभयारण्य झालं ते गव्यांसाठी, आणि रात्री गवे त्याच वाटांनी पाण्यावर येतात. गवा दिसला तर हलू नका, तो गेल्यावरच उठा. अस्वलं आणि बिबटेही या रानात आहेत, म्हणून एकमेकांशी बोलत राहा.

पांघरुणाइतकंच अंथरूण महत्त्वाचं आहे, कारण गार जमीन अंगाखालून सतत ऊब ओढते. वाळका पाला गोळा करा, आधी काठीनं चांगला झोडा, म्हणजे विंचू-किडे निघून जातील. दाबल्यावरही वीतभर राहील इतका जाड थर हवा. त्यावर ताडपत्रीचा अर्धा भाग, उरलेला अर्धा सुतळीनं बांधून वाऱ्याच्या बाजूला आडवा. जागा अंगापुरतीच ठेवा. मोठा निवारा गरम राहत नाही. पायजमा मोज्यांत खोचा आणि सकाळी गोचीड चिकटलेत का ते बघा. शेजारच्या दोडामार्गाकडं गोचिडीतून पसरणारा माकडताप आढळलेला आहे.

शेताच्या कडेला पोचलात तर मात्र रानात थांबू नका. खोप (झोपडी) किंवा गवताची व्हळी (गंजी) असेल तर तिच्या आडोशाला कोरडी ऊब मिळते. तिथं काडी मात्र ओढायची नाही.

शेकोटी

अभयारण्यात आग लावणं कायद्यानं बंद आहे, आणि हिवाळ्यात वाळलेलं गवत एका ठिणगीनं सगळा सडा पेटवू शकतं. घोंगडी, पाल्याचं अंथरूण आणि एकमेकांना चिकटून बसणं एवढ्यावर रात्र निघत असेल तर शेकोटी नकोच. अभयारण्याबाहेर, जिवावरच बेतलं तर छोटी पेटवा. दोन हात गोल जागा मातीपर्यंत साफ करा. जमिनीवरच्या काटक्या दवानं दमट असतात, म्हणून उभ्या वाळक्या झाडाच्या कटकन मोडणाऱ्या काटक्या घ्या. ओढ्यातले दगड भोवती लावू नका, आत मुरलेलं पाणी तापून ते फुटतात. तंबूत निखारे कधीही घेऊ नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूनं झोपेतच माणूस जातो. दारूनं ऊब येते असं वाटतं, पण ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगवून आतली उष्णता बाहेर घालवते.

कुणाला थंडी बाधली तर

हुडहुडी भरते तोवर शरीर लढत असतं. बटण लावता येत नाही, बोबडी वळते, पाय अडखळतात, माणूस चिडचिड करतो किंवा ‘मला झोपू दे’ म्हणतो, ही पुढची पायरी. कापरं अचानक थांबलं आणि भान हरपू लागलं तर ते बरं वाटल्याचं लक्षण समजू नका, प्रकरण गंभीर झालं आहे. अशा वेळी माणूस उकडतंय म्हणून कपडेही काढू लागतो. त्याला काढू देऊ नका.

त्याला वाऱ्यातून हलवा, ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, अंगाखाली पाला घालून घोंगडीत गुंडाळा. दोघांनी दोन्ही बाजूंना चिकटून झोपा. ऊब छाती, मान आणि काखेत द्या. गरम पाण्याची बाटली असेल तर फडक्यात गुंडाळूनच. हात-पाय चोळू नका, एकदम आगीजवळ नेऊ नका, चालायला लावू नका. पूर्ण शुद्धीत असेल, गिळता येत असेल तरच गुळाचं कोमट पाणी द्या. १०८ ला फोन करा.

सकाळी

धुकं निवळेपर्यंत थांबा. दवानं कातळ निसरडा झालेला असतो आणि कड्याची कड दिसत नाही. ऊन आलं की अंग शेकून घ्या, थोडं खा. शेकोटी केली असेल तर पाणी ओतून राख ढवळा आणि हात जवळ नेऊन धग नाही ना ते बघा. गावात पोचल्यावर चहाच्या आधी फोन करा: ज्यांना परतायची वेळ सांगितली होती त्यांना, आणि ११२ ला कळवलं असेल तर त्यांनाही. तुम्हाला शोधायला निघालेली माणसं अजून रानातच असतील.