बंबासाठी लाकडं फोडायला काय घ्यावं?

पावसाआधी सरपण फोडायचं असेल तर घरातली नेहमीची कुऱ्हाड घेऊन बसू नका, ती फांद्या तोडायला, तिचं पातं पातळ असतं त्यामुळे ओंडक्यात रुतून बसतं आणि मग अर्धा वेळ ती उपसण्यातच जातो. फोडायला जाड, पाचरीसारखं फुगलेलं पातं हवं, त्याला फार धार नसली तरी चालतं, वजनच काम करतं. पण वजनाचा हव्यास नको, अडीच-तीन किलो बास, आमच्याकडे पाच किलोचा घण आहे तो दहा घाव घातले की खांदा सोडतो!

दांडा धामणीच्या लाकडाचा मिळाला तर बघा, आणि विकत घेताना नेढ्यात, म्हणजे पात्याच्या ज्या भोकात दांडा बसतो तिथे, दांडा हलतोय का हे आधी चेक करा. फणसासारखं गाठीचं लाकूड असेल तर लोखंडी पाचर ठेवून वरून घण मारायचा, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने नाही, नेढं फाकतं. घाव मधोमध घालण्यापेक्षा आधीच चीर गेलीय तिथे घाला.

आणि हो, खाली दगड किंवा फरशी नको, जाड ओंडकाच ठेवा. पायात चप्पल घालून तर अजिबात नाही.