भागीदारी विसर्जित झाल्यावर अधिकार आणि दायित्व कसे सांभाळावे

विसर्जनाच्या करारनाम्यावर सह्या झाल्या की आपण मोकळे झालो, असे बहुतेक भागीदार धरून चालतात. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 तसे मानत नाही. करारनामा भागीदारांना आपसात बांधतो. बाहेरच्यांच्या बाबतीत मात्र, कलम 45 नुसार, विसर्जनाची जाहीर नोटीस निघेपर्यंत भागीदारांचे दायित्व पूर्वीसारखेच चालू राहते. समजा, सह्यांनंतर आठवडाभराने एका भागीदाराने जुन्या लेटरहेडवर, जुनाच शिक्का मारून, नेहमीच्या पुरवठादाराकडून 2 लाख रुपयांचा माल उधारीवर उचलला. नोटीस निघाली नसेल, तर हे देणे सर्वांच्या अंगावर येते आणि पुरवठादार ती सगळी रक्कम कोणाही एका भागीदाराकडे मागू शकतो.

म्हणून पहिले काम नोटिशीचे. नोंदणीकृत फर्मच्या बाबतीत भागीदारी संस्थांच्या निबंधकांना कळवावे लागते, शिवाय शासकीय राजपत्रात आणि फर्मचे मुख्य ठिकाण असलेल्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात ती प्रसिद्ध करावी लागते. नोंदणी नसेल, तर राजपत्र आणि वृत्तपत्र पुरते. नुसती वृत्तपत्रातली चौकट छापून स्वस्थ बसणे ही नेहमीची चूक आहे. नोटीस कोणताही एक भागीदार देऊ शकतो, त्यामुळे इतरांच्या सहीसाठी थांबू नये. मृत किंवा नादार (दिवाळखोर) ठरलेल्या भागीदाराची मालमत्ता मात्र त्यानंतरच्या व्यवहारांना जबाबदार नसते. तिच्यासाठी नोटिशीची गरज नाही.

विसर्जनानंतरही भागीदारांचा अधिकार पुरता संपत नाही. कलम 47 नुसार कारभार आवरण्यासाठी आणि अर्धवट राहिलेले व्यवहार पुरे करण्यासाठी जेवढा आवश्यक, तेवढा तो उरतो. घेतलेल्या ऑर्डरचा माल पोहोचवणे, येणे वसूल करणे, शिल्लक साठा विकणे हे त्यात बसते. नवी ऑर्डर घेणे बसत नाही. नादार भागीदाराच्या कृतीने फर्म बांधली जात नाही.

हिशेब मिटवताना, वेगळा करार नसल्यास, आधी बाहेरची देणी, मग भागीदारांनी भांडवलाव्यतिरिक्त दिलेल्या रकमा, त्यानंतर भांडवल आणि उरलेले नफ्याच्या प्रमाणात, असा क्रम पाळावा. तूट नफ्यातून आणि भांडवलातूनही भरून निघाली नाही, तर प्रत्येकाला आपल्या वाट्याच्या प्रमाणात पदरचे पैसे घालावे लागतात. हे सर्व पुरते मिटेपर्यंत एखादा भागीदार फर्मच्याच नावाने तसाच धंदा करू लागला, तर करारात काही वेगळे ठरलेले नसल्यास, कलम 53 च्या आधारे त्याला रोखता येते.