खोटा अँटिव्हायरस ओळखावा कसा आणि काढावा कसा

गेल्या आंब्याच्या हंगामात, देवगडला ऐन पेट्या भरण्याच्या गडबडीत, शेजारच्या काकांनी मला घाईघाईने घरी बोलावले. त्यांच्या संगणकावर उजवीकडे खाली दर दोन मिनिटांनी एक चौकट उगवत होती आणि तुमच्या अँटिव्हायरसची मुदत संपली असून ५ व्हायरस सापडले आहेत, असे लाल अक्षरांत बजावत होती. काकांनी पाकिटातून कार्ड काढलेच होते. ‘‘काका, हा अँटिव्हायरस तुम्ही घेतला होता कधी?’’ असे विचारल्यावर ते थबकले, कारण तो त्यांनी कधी घेतलाच नव्हता.

त्या चौकटीत नीट पाहिले, तर फिक्या बारीक अक्षरांत क्रोमचे नाव आणि एका अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता होता. म्हणजे हा प्रोग्राम नव्हताच. ते ब्राउझरने दाखवलेले नोटिफिकेशन होते. वाशीच्या बाजारातले आंब्याचे दर शोधताना कुठल्याशा पानाने ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असे म्हटले होते आणि काकांनी ते दाबले होते. हल्ली मला घरोघरी हाच प्रकार सर्वाधिक दिसतो आणि तो काढणेही सर्वांत सोपे असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स उघडावे. परवानगी दिलेल्या संकेतस्थळांच्या यादीतून अनोळखी नावे काढून टाकावीत. जाता जाता एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्राम्सची, यादीही पाहावी आणि आपण न टाकलेले काही आढळल्यास तेही काढावे.

दुसरा प्रकार अधिक घाबरवणारा असतो. अख्खा पडदा व्यापणारे पान उघडते, भोंगा वाजू लागतो आणि मायक्रोसॉफ्टच्या नावाने एक फोन नंबर झळकतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीही नसतो, एवढी एक खूण पुरेशी आहे. तरीही शंका राहिली, तर एवढे लक्षात ठेवावे. अशा पानावर व्हायरसचा आकडा वाढताना दिसला, तरी ती तपासणी नसून केवळ चलचित्र असते. ब्राउझरमधल्या पानाला तुमची हार्ड डिस्क अशी परस्पर तपासताच येत नाही. अशा पानावरचे कोणतेही बटण, अगदी फुलीसुद्धा, दाबू नये, कारण ती फुलीही चित्रातलीच असू शकते. एस्केप कळ काही सेकंद दाबून धरावी आणि मग अल्ट व एफ४ या कळा एकत्र दाबाव्यात. त्याने भागले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा व तिथून ब्राउझर बंद करावा. ब्राउझर पुन्हा सुरू केल्यावर तो जुनी पाने परत उघडू का, असे विचारतो. त्याला नकार द्यावा.

खरे काम पडते ते प्रोग्राम संगणकात शिरला असेल तेव्हा. तो स्वतःहून तपासणी सुरू करतो, शेकडो दोष फुकट शोधून देतो आणि ते काढायचे मात्र पैसे मागतो. कधी टास्क मॅनेजर किंवा विंडोज सिक्युरिटी हे विंडोजचे स्वतःचे सुरक्षा अॅप उघडूही देत नाही. अशा वेळी इंटरनेट तोडावे, शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट निवडावे आणि ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने जाऊन, संगणक पुन्हा सुरू होताना ४ हा आकडा दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टी चालू असलेल्या विंडोजमध्ये, शिरावे. तिथे इन्स्टॉल्ड अॅप्सची यादी तारखेनुसार लावली, की त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेला पाहुणा बहुधा सर्वांत वरच सापडतो. तो अनइन्स्टॉल करावा.

त्यानंतर संगणक नेहमीसारखा सुरू करून विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसची ऑफलाइन तपासणी करावी. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मुळातच असतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. या तपासणीसाठी संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो आणि साधारण १५ मिनिटे घेतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने संगणक इन्व्हर्टरवर असलेला बरा. आणखी खात्री हवी असल्यास सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधने वापरता येतात.

फोनवरच्या माणसाला दुरून संगणक चालवू देणाऱ्या एनीडेस्कसारख्या प्रोग्राममधून संगणकाचा ताबा दिला असेल किंवा पैसे गेले असतील, तर आधी इंटरनेट तोडून बँकेला फोन करावा, कार्ड बंद करून घ्यावे आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. संगणकाची सफाई नंतर. पासवर्ड मात्र त्या संगणकावरून बदलू नयेत. ते मोबाइलवरून बदलावेत आणि सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते.